मेंढ्यांनी ऐकलेली प्रार्थना

नकाशा? माझ्या हातात? छे! बेचाळीस वर्षं या गावात काढली, हद्दीवरचं प्रत्येक कुंपण मला नावानिशी ओळखतं, असं मी पाद्रीबाईंना ठणकावून सांगितलं.

फिलिपा पाद्रीबाईंच्या गळ्यात सहा गावांची सहा चर्चेस. आमच्याकडे रविवारी जेमतेम सातजण. “विल्फ्रेड, असंच चाललं तर इथली प्रार्थना बंद करावी लागेल,” त्या म्हणाल्या. म्हणून मीच सुचवलं, वसंतात शेतांना आशीर्वाद देत फिरायची जुनी मिरवणूक पुन्हा काढू!

निघालो. पुढे क्रूस घेऊन माझी बायको डल्सी, मागे पांढऱ्या झग्यात पाद्रीबाई, आणि शिंपडायच्या पाण्याची पत्र्याची बादली घेऊन सगळ्यांना वाट दाखवणारा मी.

“ओढा डावीकडे हवा ना रे?” डल्सीने विचारलं.

“ओढा आहे तिथेच आहे! चल!”

एका फाटकातून आत शिरलो. बादली खणखणली मात्र, समोरच्या ऐंशी मेंढ्यांनी माना वर केल्या. त्यांच्या हिशेबी बादली म्हणजे खुराक! लग्नाच्या पंगतीत वाढपी दिसावा तशा सुटल्या! मी पाद्रीबाईंच्या मागे लपलो, मेंढ्याही मागोमाग आल्या, आणि पाद्रीबाई धप्पकन चिखलात!

“कोण रे तिकडे?”

इनॉक प्रीस! म्हणजे आम्ही शेजारच्या गावात, त्याच्या शेतात! बायकोच्या अंत्यविधीनंतर नऊ वर्षं हा माणूस चर्चची पायरी चढला नव्हता. मी बादलीसकट पळायच्या बेतात होतो.

पाद्रीबाई मात्र उठल्याच नाहीत. चिखलात बसल्या बसल्याच त्यांनी पुस्तक उघडलं. “परमेश्वरा, या कोकरांना सांभाळ, आणि त्यांच्यासाठी रात्री जागणाऱ्यालाही.”

इनॉकने टोपी काढली. “यंदा एकोणीस कोकरं गेली, बाई,” तो हळूच म्हणाला. मग त्याने हात देऊन त्यांना उठवलं आणि आम्हा सगळ्यांना घरी नेऊन चहा पाजला.

पुढच्या रविवारी आमच्या चर्चच्या शेवटच्या बाकावर इनॉक! शेजारी त्याची बहीण आणि तिच्या दोन मैत्रिणी. सातावर चार! पाद्रीबाईंचा आवाज छताला भिडला.

बाहेर पडताना इनॉकने माझा हात धरला. “विल्फ्रेड, माझ्याच शेतात प्रार्थनेची गरज आहे, हे तुला कळलं कसं?”

मी आभाळाकडे पाहिलं. आवाज खोल केला. “हे बघ इनॉक, काही पावलं आपली आपण पडत नसतात...”

“खरंय,” डल्सी म्हणाली. “दोनदा मीच डावीकडे ढकललं याला. तरी उजवीकडेच वळला!”