कोरिया मॅडम आणि जंतूंची ओळखपरेड

आमच्या कॉलेजच्या शिपाईमामांनी एकदा 'व्हायरल झालाय' म्हणून सुट्टी मागितली, तेव्हा कोरिया मॅडमनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं, "नाव काय त्याचं?"

"कुणाचं?" मामा गोंधळले.

"झालाय त्याचं. अंगात घेऊन फिरताय, नाव तरी विचाराल की नाही? व्हायरल म्हणजे काय, नुसतं 'मुंबईचा माणूस' म्हटल्यासारखं झालं ते. अंधेरीचा की मुलुंडचा? कुणाच्या घरचा?"

सुट्टी मिळाली. पण मामा जिन्यापर्यंत पोचले तरी मॅडमचं समाधान झालेलं नव्हतं.

कोरिया मॅडम आम्हाला सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतात. बोरिवलीतलं आमचं कॉलेज काही मोठं नाही, लॅबही जेमतेम, पण तिथल्या प्रत्येक जंतूची मॅडमशी घरगुती ओळख आहे. कॅन्टीनच्या दह्याला त्या 'लॅक्टोबॅसिलसची मंडळी' म्हणतात. ऑफिसातून जंतुनाशक फवारणीची नोटीस आली, तेव्हा त्यांनी खाली लिहून पाठवलं होतं, 'कोणत्या जंतूंसाठी? कृपया नावे द्यावीत.' उत्तर आलं नाही. फवारणीही झाली नाही.

मॅडम इतर सरांसारख्या संध्याकाळी थांबत नाहीत. चारला पर्स उचलतात. घरी त्यांची आई असते, तिला सांभाळणारी बाई पाचला निघते. मॅडमनी लग्न केलेलं नाही, दोघीच राहतात. आईला आता माणसं आठवत नाहीत. हे मॅडमनी आम्हाला भर वर्गात हसत हसत सांगितलं होतं. "आय सगळ्यांची नावं घेते. मेलेल्यांची, शेजारच्यांची, आमच्या जुन्या कोंबडीचंसुद्धा. फक्त माझं घेत नाही. गेल्या नाताळपासून वाट बघतेय. एकदा फिलू म्हण म्हटलं, तर मलाच विचारते, कोण फिलू?" आम्हीही हसलो. मॅडम सगळ्यांत जास्त हसल्या, म्हणून आम्हाला वाटलं हसायचंच असतं.

माझा प्रोजेक्ट त्यांच्याकडे होता. मी दहिसरची. बाबा गोरेगावला शूटिंगच्या कॅन्टीनमध्ये स्वयंपाकी आहेत. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मीच पहिली, त्यामुळे बरोबर काय हे विचारायला घरी कोणी नसतं. मी आपली गप्प राहते. गप्प राहिलं की चूक दिसत नाही.

एका हॉस्पिटलच्या लॅबचे जुने रिपोर्ट मिळाले होते. रुग्णांची नावं काढलेली, जंतूंची ठेवलेली. कुठल्या जंतूवर कुठलं औषध चाललं नाही, ते मला मोजायचं होतं. पण ती नावं वेगवेगळ्या लोकांनी घाईत टाईप केलेली. एकच क्लेबसिएला पाच प्रकारे लिहिलेली. कुठे अर्धं नाव, कुठे जुनं.

"यांची आधी ओळखपरेड करू या," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी मला जंतूंची नावं ओळखणारं एक सॉफ्टवेअर दाखवलं. त्यात फंक्शन्स असतात, म्हणजे एकेका कामाच्या तयार आज्ञा. एका फंक्शनला जसं जमेल तसं नाव द्यायचं, ते पूर्ण नाव सांगतं. दुसरं कुल सांगतं. तिसरं सांगतं, जंतू ओळखायच्या ग्रॅमच्या रंगचाचणीत हा जांभळा दिसेल की गुलाबी.

मी की-बोर्डवर हात ठेवून बसले. स्पेलिंग चुकेल म्हणून एंटर दाबवेना.

"काय गं, मुहूर्त बघतेस काय?"

"मॅडम, चुकलं तर?"

"चुकीचंच लिही. मुद्दाम. लिही ना! वाट लाव त्या नावाची."

मी क्लेबसिएलाची जमेल तेवढी वाट लावली. सॉफ्टवेअरने बरोबर नाव दिलं. खाली एक ओळही आली, की हा आपला अंदाज आहे, तपासून घ्या.

"बघितलंस? रागावलं? नाही. समजून घेतलं, आणि खात्री नाही हेही सरळ सांगितलं. आपल्या स्टाफरूममध्ये हे कुणाला जमत नाही." मॅडम मनापासून खूश होत्या. "आता तपास. अंदाज त्याचा, जबाबदारी तुझी."

पुढे एकदा सॉफ्टवेअर म्हणालं, एंटेरोबॅक्टर एरोजीन्सचं नाव बदललंय, ती आता क्लेबसिएला झाली. मी घाबरले. मॅडम म्हणाल्या, "अगं, लग्न झालं तिचं! सासरचं नाव लाव. पण माहेरच्या नावाने हाक मारली तरी ओ देते बघ, गुणी आहे."

असं हसतखेळत मी शेकडो नावं तपासली. आता वर्गात मी हात वर करते. उत्तर चुकतं कधी कधी, पण हात वर असतो.

प्रोजेक्ट द्यायच्या आदल्या दिवशी एक तक्ता जुळेना, आणि चार वाजले. मॅडमनी पर्स उचलली. "चल घरी. तिथे बघू."

त्यांचं घर अंधेरीच्या जुन्या गावठाणात आहे. मागे टॉवर, पुढे कौलारू घर, दारात क्रूस. त्यांची आई ओटीवर लुगडं नेसून खुर्चीत बसली होती. मॅडमना बघून म्हणाली, "रोझी, आलीस?"

"आले गो," मॅडम म्हणाल्या. रोझी ही त्यांची वारलेली मावशी, हे त्यांनी मला आत जाताना सांगितलं. थोड्या वेळाने त्या 'नर्सबाई' झाल्या. त्यालाही त्यांनी ओ दिली, औषध दिलं, ओठ पुसले.

मी ओटीवरच्या टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसले. मॅडम मागे उभ्या राहून तक्ता बघत होत्या. चूक सापडली. मी ती सुधारायला स्क्रीनवर वाकले.

"फिलू," आजी म्हणाली, "पाठ सरळ कर गो. कुबड येल."

ती माझ्याकडे बघत होती.

मी वळून मॅडमकडे पाहिलं. "आजी, मी नाही," असं म्हणायला मी तोंड उघडलं, तर मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"ओ दे," त्या अगदी हळू म्हणाल्या. "नाहीतर नाव परत जाईल."

"ओ, आय," मी म्हटलं, आणि पाठ सरळ केली.

"हां," आजी म्हणाली. तिचं समाधान झालं. "शाणी माजी फिलू."

थोडा वेळ हात न लावल्यामुळे काळ्या झालेल्या समोरच्या स्क्रीनमध्ये मला मॅडम दिसत होत्या. माझ्या मागे, कुणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने, त्याही ताठ उभ्या राहिल्या होत्या.