चावी न्हाई आज

“ ‘क’ जरा आत हाय. पण शांतता लई.”

खालच्या ओट्यावरून अप्पांचा आवाज आला आणि मी जिन्यातच थांबले. अप्पांकडे गिऱ्हाईक बसलेलं असलं की ते जाईपर्यंत जिन्यात उभं राहायचं, ही माझी पद्धत आहे. नाहीतर ओळख करून दिली जाते.

“आन् ‘ड’ला तर कुणी इचारतच न्हाई. शेवटाला पडलंय बिचारं. त्याला काय वाईट हाय, सांगा बरं.”

कुणीच काही सांगेना. मी वाकून पाहिलं. ओट्यावर अप्पा एकटेच होते. मांडीवर प्रश्नसंच, चष्मा कपाळावर. ‘चारपैकी योग्य पर्याय निवडा’ असं छापलेलं होतं आणि मन्मथअप्पा ते चारही पर्याय स्वतःलाच दाखवत होते. रिंग रोडचे चार प्लॉट दाखवावेत तसे.

लातुरात जागा दाखवणारे एजंट पुष्कळ आहेत. दुसऱ्याने दाखवलेल्या जागेला नावं ठेवणं हा त्यांचा अर्धा धंदा. अप्पांनी मात्र आजवर कुठल्याच जागेला नाव ठेवलेलं नाही. मी नोकरीसाठी नांदेडहून इथे आले तेव्हा त्यांनीच मला खोल्या दाखवल्या. पहिलीच्या खाली पिठाची गिरणी होती. अप्पा म्हणाले, “घड्याळ घ्यायचं काम न्हाई. गिरणी सुरू झाली की उठायचं.” दुसरीला खिडकी नव्हती. “हिवाळ्यात ऊब हाय.” तिसरीच्या पाठीमागे डाळमिल होती आणि ओट्यावर बोटभर भुसा साचला होता. अप्पांनी दीर्घ श्वास घेतला. “वास बगा कसा येऊन राहिला. चूल न पेटवता सैपाक झाल्यावानी वाटतंय.”

चौथं घर खरोखर चांगलं होतं. हिरवं फाटक, दारात तुळस. बाल्कनीत बनियनवर उभा असलेला मालक आम्हाला, म्हणजे मलाच, वरपासून खालपर्यंत बघत होता. अप्पा फाटकाशी थबकले. कमरेला लटकणाऱ्या चाव्यांच्या जुडग्यावर त्यांनी हात दाबून धरला.

“ह्याची चावी न्हाई आज,” ते म्हणाले आणि स्कूटर वळवली.

मालक घरात असताना चावी कशाला लागते, असं माझ्या मनात आलं. पण मी विचारलं नाही. मी विचारणाऱ्यातली नाही. माझा आवाज इतका बारीक आहे की रिक्षावाले दोनदा ‘कुठं?’ विचारतात आणि मग त्यांना योग्य वाटेल तिथे सोडतात.

दिवेलागणीला अप्पा जमिनीकडे बघत म्हणाले, “आमच्या वर बी एक खोली हाय.” तिची चावी जुडग्यात नव्हती. ते आत गेले, स्वयंपाकघरातले डबे वाजले आणि हाताला लागलेलं पीठ झटकत ते चावी घेऊन आले. खोली हवेशीर होती, खिडकीत कडुनिंब होता. आश्चर्य म्हणजे या एकाच खोलीची त्यांनी काहीही तारीफ केली नाही.

मग सरकारचा तो नियम आला. एजंटांनी प्रशिक्षण घ्यायचं, परीक्षा द्यायची. प्रमाणपत्र नसेल तर नोंदणीचं नूतनीकरण नाही, आणि नोंदणी नाही तर धंद्याचा बोर्ड उतरवायचा. पुण्याहून महेशदादाचा, म्हणजे अप्पांच्या मुलाचा, फोन आला. अप्पा फोन नेहमी स्पीकरवर ठेवतात, त्यामुळे तो अख्ख्या गल्लीला आला.

“अप्पा, पास झालात तर ठेवा बोर्ड. नाही झालात तर मुकाट्याने इकडे यायचं. एकटं राहायचं वय आहे का हे?”

“पुण्याचं बी चांगलंच हाय की,” अप्पा म्हणाले. त्या संध्याकाळी ओट्यावर त्यांची नेहमीची खुर्ची निघाली नाही.

प्रशिक्षण मोबाईलवर होतं. बाकीचे एजंट कॅमेरा बंद करून आपापल्या कामाला जात. अप्पा इस्त्रीचा सदरा आणि टोपी घालून फोनसमोर बसत आणि सर दिसले की उठून नमस्कार करत. उठले की सरांना फक्त त्यांचं पोट दिसे. एकदा सर म्हणाले, “जागेत काही दोष असेल तर तो ग्राहकापासून लपवायचा नाही. स्पष्ट सांगायचं.”

अप्पांनी हात वर केला. “सर, लपवायचं न्हाई, कबूल. पण जागेच्या तोंडावर कसं सांगावं?”

सरांनी सरळ पुढचा धडा काढला. अप्पांना वाटलं रेंज गेली.

इंग्रजी शाळेत शिकलेली म्हणून मला त्यांनी मास्तरीण नेमलं. परीक्षा मराठीतून होती, त्यामुळे खरी पंचाईत माझीच झाली. “सक्षम प्राधिकारी म्हंजी कोण गं माय?” असं त्यांनी विचारलं की मी वर जाऊन शोधून येत असे. त्यातून मला कुणाला तोंडावर ‘चूक’ म्हणता येत नाही. अप्पांनी चुकीच्या उत्तरावर बोट ठेवलं की मी “हं” म्हणायची. माझा ‘हं’ म्हणजे ‘नाही’ असतो, पण तो मलाच माहीत. अप्पा खूण करून पुढे जात.

अशा रीतीने एकाला काही वाईट म्हणता येत नव्हतं, दुसरीला काही चूक म्हणता येत नव्हतं आणि अभ्यास झपाट्याने संपत आला.

परीक्षेचं केंद्र नांदेडला आलं. अप्पा एसटीने गेले, एसटीने आले आणि नापास झाले. जिथे जिथे अडलं तिथे त्यांनी ‘ड’ निवडला होता. कुणी विचारत नाही म्हणून.

“नापास व्हायचं बी वाईट न्हाई,” ते म्हणाले. “परत एकदा नांदेड बघायला मिळतंय.” पण हे सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

रविवारी महेशदादा आला. चांगला माणूस आहे. अप्पांची औषधं त्याने डब्यांत लावून ठेवली, गॅसची नळी बदलली, मग वर आला आणि दारातच उभा राहिला.

“आईची शिलाईची खोली ही. मशीन तिथं असायचं, खिडकीत,” तो म्हणाला. “आई गेल्यापासून कितीजणांनी मागितली. अप्पांचं एकच, ‘चावी न्हाई आज.’ लहानपणी आम्ही सायकल मागितली तरी हेच. आमच्या घरात ‘नाही’ असा शब्दच नाही. चावी नाही म्हणजे नाही.” मग हसून म्हणाला, “तुम्हाला कशी काय सापडली चावी?”

मला तो डब्यांचा आवाज आठवला. हिरवं फाटक आठवलं, बाल्कनीतला बनियन आठवला, जुडग्यावर दाबलेला हात आठवला.

“पुन्हा एकदा बसू दे त्यांना परीक्षेला,” महेशदादा जिना उतरताना म्हणाला. “पण या वेळी नाही जमलं तर मी घेऊनच जाणार.”

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा प्रश्नसंच उघडला. नोंदणी नसलेल्या प्रकल्पातला फ्लॅट एजंटने विकावा का? अ, विकावा. ब, विकू नये. क, बिल्डर ओळखीचा असेल तर विकावा. ड, गिऱ्हाईक घाईत असेल तर विकावा.

“ ‘ड’,” अप्पा म्हणाले. “घाईतल्या माणसाला आधी द्यावं. तकलीफमधी असतंय बिचारं.”

मी ‘हं’ म्हटलं नाही. त्यांच्या कमरेकडे बोट केलं. त्यांनी गोंधळून जुडगा काढून दिला. त्यातल्या चार चाव्या मी सोडवल्या आणि चार पर्यायांपुढे एकेक ठेवली. मग अ, क आणि ड पुढची चावी उचलून मुठीत घेतली.

अप्पा माझ्या मुठीकडे बघत राहिले.

“वाईट न्हाईत ते,” ते हळूच म्हणाले.

मी मान डोलावली.

“निस्ती चावी न्हाई त्यांची.”

मी जोरजोरात मान डोलावली. अप्पा इतक्या मोठ्याने हसले की समोरच्या घरातली बाई बाहेर आली. त्यानंतर प्रत्येक प्रश्नाला ते बोट फिरवत म्हणत, “ह्याची न्हाई… ह्याची न्हाई… ह्याची बी न्हाई, माफ कर बाबा… हां, ही उघडती बग!”

दुसऱ्या वेळी मी सोबत गेले. केंद्राच्या दारात शिपायाने जुडगा आत नेऊ दिला नाही. अप्पांनी तो माझ्या ओंजळीत ठेवला आणि सदरा सारखा करत आत गेले. कमरेला वजन नसल्यामुळे त्यांची चालच बदलली होती. मी बाकावर बसले. जुडगा जड आणि कोमट होता. गावभरची बंद घरं मांडीवर घेऊन मी नांदेडात बसले होते.

अप्पा बाहेर आले तेव्हा “कशी होती?” हे मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं. “चाव्या न्हवत्या, पण कानात वाजून राहिल्या होत्या. जी वाजली ती दाबली.”

निकाल लातुरात परतल्यावर काही दिवसांनी मोबाईलवर आला. अप्पांना तो उघडवेना. मी उघडला आणि स्क्रीन त्यांच्यापुढे धरला. उत्तीर्ण. अप्पांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि खुर्चीत असे बसले, जणू कुणीतरी डोक्यावरचं पोतं उतरवून घेतलं होतं. माझंही उतरलं. मी ओट्याच्या पायरीवरच बसले.

आणि महेशदादाचा फोन वाजला. स्पीकरवर.

“अप्पा! मी पण बघितला निकाल. जिंकलात बघा. मानलं तुम्हाला. पण आता माझं पण ऐका. प्रमाणपत्र लावा भिंतीला, आणि इकडे या. सातव्या मजल्यावर तुमच्यासाठी खोली रिकामी ठेवलीय. गाडी घेऊन येतो, सामान भरू.”

“सातवा मजला,” अप्पा म्हणाले. “वारं चांगलं येत असंल.”

“येतं ना! लिफ्ट पण आहे.”

“लिफ्टीचं बी बरंच असतंय.”

त्यांचा हात कमरेवर गेला आणि त्यांनी जुडगा घट्ट दाबून धरला. त्या हिरव्या फाटकाशी धरला होता तसाच. सायकल मागणाऱ्या लहान पोराला जे सहज सांगता आलं होतं, ते काळजीने बोलावणाऱ्या मोठ्या पोराला सांगता येईना.

“अप्पा? हॅलो? मग ठरलं ना?”

मी पायरीवरून उठले आणि त्यांच्या हातातून फोन घेतला. गल्लीतली दोन माणसं वळून बघण्याइतका माझा आवाज मोठा निघाला.

“महेशदादा, मी वरच्या खोलीतली बोलतेय. तुमच्या त्या फ्लॅटची चावी नाही आज.”