पुस्तकांची बारशी करणारे जनूकाका

आमच्या पेणमध्ये पुस्तक छापायचं तर दोन माणसांची परवानगी लागायची. एक बायकोची आणि दुसरी जनूकाका म्हात्र्यांची. बायकोला न विचारता छापलेली पुस्तकं मी पाहिली आहेत. जनूकाकांना न विचारता छापलेलीही पाहिली आहेत. ती अजून लेखकांच्या माळ्यावर आहेत.

काका लेखक नव्हते. वाचकही नव्हते. माझ्या छापखान्यासमोर त्यांचा गणपतींचा कारखाना, आणि ते डोळ्यांची आखणी करणारे. मूर्ती घडवणारे पेणमध्ये गल्लोगल्ली सापडतील, पण डोळे आखणारा हात एखादाच. मुंबईची माणसं गणपती सांगायला आली की बाकी काही विचारायची नाहीत. "डोळे जनू म्हात्र्यांचेच ना?" एवढंच. सहा वर्षांपूर्वी मात्र काकांनी एकाएकी त्या हाताला आराम दिला, डोळ्यांचं काम कारागिरांवर सोपवलं, आणि मोकळ्या झालेल्या वेळात माझ्याकडे बसून पुस्तकांची बारशी सुरू केली.

पहिलं बारसं एका निवृत्त तलाठ्यांच्या आत्मचरित्राचं. त्यांनी आणलेल्या नावात चांदणं, पाऊलवाट आणि ओंजळ, तिन्ही होती. काका चहा प्यायला आलेले. बशी तशीच डाव्या हातात धरून म्हणाले,

"भाऊसाहेब, हे पुस्तकाचं नाव हाय का साबणाचं?"

तलाठी लाल झाले.

"रागावू नका. लोक सातबारा मागायला यायचे, तवा तुम्ही काय बोलायचात?"

तलाठी ओशाळले. "म्हणायचो... उद्या या."

"झालं बारसं!"

'उद्या या' दिवाळीच्या आत संपलं. ज्यांना ज्यांना भाऊसाहेबांनी उद्या या म्हणून परत पाठवलं होतं, ते सगळे विकत घ्यायला आले. काहींनी तर दोन दोन प्रती नेल्या.

मग रांगच लागली. रोह्याच्या एका एसटी कंडक्टरच्या कवितासंग्रहाला काकांनी नाव दिलं 'मागे सरका, जागा आहे'. एका डॉक्टरांच्या आरोग्यविषयक लेखांना 'काल काय खाल्लंत?'. करड्या शिस्तीच्या एका मुख्याध्यापकांच्या आठवणींना 'हसतोय कोण?'. गुरुजी आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. पण आता सभेत त्यांची ओळख करून देताना पुस्तकाचं नाव घेतलं की मागून कुणीतरी हमखास हसतं, आणि गुरुजी स्वतःच आधी हसतात. धाटावच्या एका केमिकल कंपनीत शिफ्ट करणाऱ्या तरुणाच्या प्रेमकविता आल्या, तेव्हा काकांनी 'वास येतोय का?' सुचवलं. त्याचं लग्न ठरत होतं, म्हणून तेवढं मी अडवलं.

मोबदला एकच: पोह्याचा पापड, आणि तोही समोर तळून. पापड मोडायचा, लेखकाची उलटतपासणी घ्यायची, पापड संपायच्या आत नाव तयार. आतलं एक पानही उघडायचे नाहीत. मी एकदा म्हटलं, "काका, निदान चाळून तरी बघा."

"नाय. आत बघितलं की दया येते. दयेनं नाव ठेवलं की त्यात फूल येतं."

अशा माणसाच्या समोर एके दिवशी सुनंदाचं हस्तलिखित आलं.

सुनंदा ही काकांची एकुलती एक मुलगी. काकांनी हाताला आराम दिला त्याच वर्षी ती रोह्याला शाळेत चित्रकला शिकवायला गेली आणि तिथलीच झाली. सणाला यायची, देवाला नमस्कार करायची, दुपारच्या गाडीने परत. बापलेकीत काय बिनसलं ते पेणमध्ये कुणाला ठाऊक नव्हतं. म्हणजे प्रत्येकाला वेगवेगळं ठाऊक होतं. तिने मुलांसाठी शाडूच्या मूर्तीवर एक छोटं पुस्तक लिहिलं होतं. वर स्वच्छ अक्षरात नाव: 'शाडूच्या मातीची गणेशमूर्ती: साहित्य व कृती'.

"विनूदादा, नाव हेच राहील," ती म्हणाली. "समोर विचारायला जायचं नाही."

मी मान डोलावली आणि ती कोपऱ्यावरून वळताच हस्तलिखित घेऊन समोर गेलो. माझा स्वभावच तसा आहे, त्याला इलाज नाही.

काकांनी पापड मागितला नाही. बराच वेळ मातीचे हात पुसत बसले. मग म्हणाले, "डोळ्यांचं पान हाय का त्यात?"

"आहे. शेवटचं."

"वाच."

मी वाचलं: "डोळे आखताना श्वास धरू नये, हळूहळू सोडत जावा. मन थाऱ्यावर नसेल तर काम उद्यावर टाकावं. हे मला माझ्या वडिलांनी शिकवलं."

काका उठून आत गेले. तिथून म्हणाले, "आता जा रे विनू."

पापडाच्या वेळात नाव देणाऱ्या माणसाने या पुस्तकाला आठ दिवस घेतले. नवव्या दिवशी ते कागद घेऊन आले. त्यावर ब्रशने त्यांनी स्वतः अक्षरं काढली होती. अक्षरं वेडीवाकडी होती, एकेक रेघ थरथरलेली. मी कागदाकडे पाहिलं, मग त्यांच्या उजव्या हाताकडे. एरवीसारखा त्यांनी तो खिशात घातला नाही. माझ्यासमोर धरला. हात थरथरत होता.

"कधीपासून, काका?"

"अठरा वर्षं झाली. पडद्यामागं बसून पोरगी आखायची, बाहेर गादीवर बसून मी नमस्कार घ्यायचो. एकदा मुंबईचा शेठ बोलला, काका, काय हात हाय तुमचा! ही चहा घेऊन उभी होती, विनू. माझ्याकडं बघत होती. मी बोललो, देवाची कृपा. ट्रे ठेवला नि गेली."

कागदावर लिहिलं होतं: 'जनू म्हात्र्याच्या गणपतींचे डोळे बारा वर्षं मी आखले'. खाली लेखिका, सुनंदा म्हात्रे.

"काका, अख्खं पेण वाचेल हे. मुंबईची गिऱ्हाइकं वाचतील."

"मग? नाव कशापायी असतं? लोकांनी थांबून वाचावं म्हणूनच ना?" आणि मग एकदम खालच्या आवाजात, "तिला आवडंल का रं?"

मी मुखपृष्ठाचं प्रूफ काढलं आणि सुनंदाला शनिवारी बोलावलं. काका सकाळपासून माझ्याकडे येऊन बसले होते. ती रिक्षातून उतरताना दिसली, आणि गणपतीसमोर छाती काढून बसणारा हा माणूस चपळाईने कागदाच्या रिमांमागे जाऊन दडला. "मी नाय हितं," एवढं मला सांगून.

सुनंदाने प्रूफ हातात घेतलं. एकदा वाचलं. मग एका थरथरलेल्या अक्षरावरून बोट फिरवत पुन्हा वाचलं. मला वाटलं, आता फाडते.

"चूक आहे," ती म्हणाली.

"बदलू की! तुझं आधीचंच नाव..."

"बारा नाही. पंधरा."

"बारा!" रिमांमागून आवाज आला. "माझा हात गेला तवापासून मोज की!"

ती दचकली नाही. तिकडे वळलीही नाही. प्रुफाकडे बघतच म्हणाली, "तुमचा हात जायच्या आधीची तीन वर्षं राहिली, बाबा. दुपारी तुम्ही जेवायला जायचात ना, तेव्हा एखादी मूर्ती मी आखून ठेवायची. तुम्ही परत यायचात, तिच्यापुढे उभे राहायचात आणि म्हणायचात, सकाळी बरा लागला हात."

मग कागदाची धूळ डोक्यावर घेऊन काका हळूहळू बाहेर आले. सहा वर्षं लोकांना प्रश्न विचारून नावं काढणाऱ्या माणसाने लेकीला पहिला प्रश्न विचारला.

"कुठल्या गो?"

सुनंदाने पिशवी खाली ठेवली. कोपऱ्यातलं स्टूल ओढून त्यांच्यापुढे केलं आणि स्वतः कागदाच्या गठ्ठ्यावर बसली.

"बसा, सांगते. पहिली कासार आळीतली. डावा डोळा जरा मोठा झाला होता."

"ती तुझी?" काका स्टुलावर टेकले. "अगं, तिच्यापायी मी रंगाऱ्याला किती शिव्या घातल्या!"

"माहीत आहे. मी पडद्यामागे हसत होते."

मग दुसरी मूर्ती निघाली, मग तिसरी. मी पेन घेतलं आणि प्रुफावरचे 'बारा' खोडून 'पंधरा' केले.