अवधूतरावांच्या रविवारच्या स्वाऱ्या

अन्न देणारी जगदंबा आणि भूक देणारा परमेश्वर, उभयतांस दंडवत घालून लिहिणार लिहितो ऐसे जे: शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरी, तळ्याकाठच्या उपनगरी वर्तमान घडले. सदरहू उपनगर म्हणजे बहुत संपन्न मुलूख. उंच टॉवर, त्यांस वेशी, वेशींवर शिपाई, आणि आत कारंजी आणि राखलेली हिरवळ. घरोघरी ओटे संगमरवरी, परंतु रविवारी त्यावर गॅस पेटत नसे. दुपार जाहली की कुटुंबेची कुटुंबे सजून बाहेर पडत, आणि मोटारी हॉटेलांचे दारी लागत, आणि चाव्या दरवानाचे हाती देऊन मंडळी नाव सांगून बाकांवर तिष्ठत बसत. कोठे इटलीचे अन्न, कोठे जपानचे, कोठे मालवणचे मासे रेशमी पडद्याआड. पाहणारे म्हणत, राज्यात सुख आहे.

या मुलखी सुनीतीबाई वैशंपायन म्हणोन बँकेत थोर हुद्द्यावर असलेल्या बाई, कन्या शाल्मली हिजसह राहत. त्यांचे पूर्वाश्रमीचे यजमान अवधूतराव पाटणकर, पंपांच्या कारखान्यात इंजिनीयर, ते खाडीपार राहत. उभयतांमध्ये रण माजले ऐसे नाही. आधी हसणे थांबले, मग बोलणे थांबले, आणि मग एके दिवशी अवधूतराव बॅग उचलून निघोन गेले. उपरांत वकील मध्ये पडले आणि तह जाहला, की कन्येने मातेपाशी राहावे आणि दर रविवारी दुपारी पित्याने तीस भेटावे. अवधूतरावांचे बिऱ्हाड दोघा सोबत्यांसह एका खोलीत. तेथे लहान मुलीस न्यावे कैसे? सबब भेटीस हॉटेल हेच ठिकाण पडले, आणि पुढे बिऱ्हाड बदलले तरी रीत तीच राहिली.

पहिले स्वारीस शाल्मली इतकी लहान की खुर्चीवर बसता पाय अधांतरी हालत. तीस पिझ्झा हवा, तर पिझ्झा आला. आणि मग नूडल्सचे दिवस आले, आणि मग तिने मांसमच्छी वर्ज्य केली, आणि मग एके दिवशी पुन्हा सुरमई मागविली, आणि दर वेळी अवधूतराव निमूट हॉटेल बदलीत गेले. जपानी हॉटेलात जाणे ठरले तेव्हा त्यांनी घरी शेंगदाणे उचलून काड्यांचा सराव केला. त्यांस स्वतःस यातले फारसे काही रुचत असे ऐसे नाही. घास तोंडी घालावा आणि कन्येचे मुख पाहावे, इतकाच त्यांचा आहार. आठवड्याचे वर्तमान ती सांगेल तेवढेच त्यांस ठाऊक. दात पडला तो पडोन गेल्यावर कळला, ताप आला तो उतरल्यावर कळला, मैत्रिणीशी अबोला जाहला आणि मिटला, ही दोन्ही वृत्ते एकाच सूपसोबत आली. एकदा तिनेच विचारिले, “बाबा, तू रोज काय खातोस रे?”

“डबा येतो.”

“चांगला असतो?”

“गरम असतो,” ऐसे बोलोन त्यांनी तिचे पानात आपला वाटा सरकविला.

ऐसे करिता करिता कन्या थोर जाहली, आणि परदेशी थंड मुलखात वास्तुविद्या शिकण्यास तीस प्रवेश मिळाला. मग एका रविवारी आइस्क्रीम वितळत असता ती बोलिली, “बाबा, पुढच्या सोमवारी फ्लाइट आहे. म्हणजे येता रविवार शेवटचा.” आणि चमचा ढवळीत बोलिली, “आई पण येते म्हणाली. चालेल ना तुला?”

“चालेल की! चालेल,” म्हणता म्हणता अवधूतरावांचा हात लागोन पाण्याचा ग्लास कलंडला.

मग अवधूतराव शनिवारीच तळ्याकाठच्या हॉटेलात जातीने गेले आणि तेथील मॅनेजर लोबो यांस भेटोन बोलिले, “उद्या काचेजवळचं टेबल हवं. आणि कृपा करून घाई करू नका.”

“सर, संडेला दोन तासच मिळतात. मागे दुसरं बुकिंग असतं.”

“मुलगी परदेशी चाललीय हो.”

लोबो यांनी नम्रतेने उत्तर केले, “सर, संडेला प्रत्येक टेबलावर काही ना काही असतंच. बघतो मी.”

रविवारी सुनीतीबाई करड्या सुती साडीत आल्या, आणि अवधूतराव उठोन उभे राहिले, आणि कोणी कोठे बसावे याविषयी क्षणभर तिघांची तारांबळ उडाली. अखेर कन्या मध्ये बसली. वेटर येऊन विचारिता जाहला, “फॅमिली थाळी देऊ?” तेव्हा दोघे मेन्यूकार्डात पाहू लागले, आणि शाल्मलीच बोलिली, “द्या.” मग लोकरी मोज्यांची बोलणी जाहली, आणि कुकर न्यावा की तेथेच घ्यावा याची मसलत जाहली, आणि थाळ्या आल्या. आणि मग ऐसे घडले की बोलता बोलता सुनीतीबाईंचा हात आपसूक पुढे गेला आणि अवधूतरावांच्या ताटातील भरली मिरची उचलोन त्यांनी आपल्या ताटात घेतली. कारण अवधूतरावांस तिखट सोसत नाही हे तो हात अद्याप विसरला नव्हता. हात परत येईतो बाईंचे ध्यानी आले.

“सॉरी,” त्या बोलिल्या.

“असू दे,” ते बोलिले. शाल्मली मान खाली घालोन भात कालवीत राहिली.

इतक्यात मैत्रिणींचा फोन आला म्हणोन ती बाहेर गेली. टेबलावर दोघेच राहिले आणि काचेपलीकडे तळे. मग सुनीतीबाई बोलिल्या, “बारीक झालास.”

“वय झालं.” मग धीर करून त्यांनी विचारिले, “एक सांगशील? घरी जेवण झालं, की मग ती काय करते?”

“म्हणजे?”

“म्हणजे जेवण झाल्यावर गं. इथे जेवण झालं की बिल येतं. मग उठायचं. दारात लोक थांबलेले असतात. इतक्या वर्षांत मी तिला जेवून लोळताना पाहिलेलंच नाही.”

सुनीतीबाईंनी चमचा खाली ठेविला. मग हळू स्वरे बोलिल्या, “रविवारी तू सोडून गेलास ना, की ती दारातच चपला टाकायची आणि सोफ्यावर आडवी. पार संध्याकाळपर्यंत, तोंड उघडं टाकून. मला राग यायचा, बापाबरोबर हिंडून दमून येते म्हणून. मग पांघरूण घालायचे मी.”

“घोरते?”

“थोडीशी. तुझ्यासारखी.”

ऐकोन अवधूतरावांस हसू आले, आणि हसता हसता डोळ्यांस पाणी आले, ते त्यांनी रुमालात लपविले. सुनीतीबाईंनी पाहिले आणि न पाहिलेसे केले, आणि पाण्याचा ग्लास त्यांचेकडे सरकविला. शाल्मली परतली, खीर आली, खीर संपली. मग लोबो जवळ येऊन अदबीने बोलिले, “सर, मी पुढच्या लोकांना बराच वेळ थांबवलं. आता मात्र...” तेव्हा तिघेही उठले. बाहेर ऊन रणरणत होते. शाल्मलीने पित्यास मिठी मारली आणि खांद्यात तोंड खुपसून विचारिले, “बाबा, आता रविवारी काय करशील?”

“झोपेन,” ऐसे त्यांनी सांगितले. मग मायलेकींची मोटार वळोन गेली.

सोमवारी कन्येने कूच केले. पुढील रविवार आला. अवधूतरावांनी झोपण्याचा यत्न केला, तो साधेना. मग इस्त्रीचा सदरा चढवून ते सवयीने खाडी ओलांडोन त्याच हॉटेलाचे दारी उभे राहिले. नावे लिहिण्याचे वहीपाशी उभ्या मुलीने विचारिले, “सर, किती जण?”

“जरा थांबतो,” म्हणोन ते बाकावर बसले, तोच फोन वाजला. पलीकडे सुनीतीबाई.

“अवधूत, रुळतेय ती तिकडे. खोलीही मिळाली.”

“हो, मलाही मेसेज आला.”

“खिडकीतून झाड दिसतं म्हणे.”

“हो, फोटो पाठवलाय.”

मग बाईंनी विचारिले, “जेवलास?”

“नाही अजून. तू?”

“भात लावलाय. सवयीने जास्तच लागला.”

इकडे वाटले की तिकडोन ‘ये’ म्हणतील. तिकडे वाटले की इकडोन ‘येऊ का’ विचारतील. अवधूतरावांनी फोन कानास घट्ट धरिला. पलीकडे कुकरची शिट्टी जाहली ती ऐकू आली.

“बरं, जेव वेळेवर,” बाई बोलिल्या.

“हो. तूही.”

फोन निमाला. मग अवधूतराव उठोन त्या मुलीपाशी गेले आणि बोलिले, “एक.”

येणेप्रमाणे स्वाऱ्यांची हकीकत, जैसी कळली तैसी उतरविली. तह कोणी मोडला नाही. पाळण्याजोगे त्यात काही उरले नाही, इतकेच. त्या दुपारी उभयतां एकाच मुलखात, अर्ध्या कोसाचे अंतराने, एकाच वेळी जेवावयास बसले, आणि दोन्हीकडे समोरची खुर्ची रिकामी होती. याउपर लिहिणारास लिहवत नाही.