सोलो चालू असताना

गेल्या माघातला दुसरा रविवार, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं. रक्कम अकरा हजार रुपये. हजर माणसं तीन. केस विकत घेणारा जालन्याचा व्यापारी, त्याला घेऊन आलेला मी, आणि ज्याच्या केसांचा सौदा चालला होता तो सुधाकर. देऊळगाव राजात आमच्या गल्लीच्या तोंडाशी सुधाकरचं सलून आहे. दिवसभर लोकांचे केस कापणाऱ्या या माणसाने स्वतःच्या केसांना अडतीस वर्षांत कात्री लावलेली नव्हती. मी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीदार आहे, अंदाजाने बोलत नाही. माझ्या टेपने मोजले तेव्हा केस मानेपासून एकोणतीस इंच भरले.

व्यापाऱ्याने वेणी तळहातावर तोलली आणि अकरा हजार बोलला. सुधाकरने आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"मोजणीवाले, याले तुम्ही आणलं का?"

"हो."

"मंग तुम्हीच बस स्टँडवर सोडून द्या. हे केस माहे नाहीत. बँडचे आहेत."

बँड म्हणजे विलायतेतल्या चार केसाळ माणसांचा. आरशाच्या वर, जिथे इतर सलूनमध्ये सिनेनट असतात, तिथे हे चौघं गिटारी घेऊन उभे आहेत. सुधाकर बारावीला असताना त्याच्या वर्गमित्राने, प्रकाशने, जालन्याहून त्यांची एक कॅसेट आणली आणि दोन चांगली पोरं कामातून गेली. दोघांनी बँड काढायचं ठरवलं. प्रकाश गाणार आणि सुधाकर ड्रम वाजवणार. ड्रम नव्हता, म्हणून तेलाचे दोन डबे आणि एक पत्र्याची पेटी. पहिला कार्यक्रम होईपर्यंत दोघांनीही केस कापायचे नाहीत, अशी शपथ झाली. कार्यक्रम झाला नाही. पुण्याच्या नोकरीच्या मुलाखतीआधी प्रकाशने केस कापले, तेही सुधाकरच्याच खुर्चीत बसून. पुढे तो कॅनडाला गेला. त्याला आता चोवीस वर्षं झाली. सुधाकर शपथेला आणि पोस्टरला धरून इथेच राहिला. लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणतो, "टूरवर असतो ना मी."

त्याच्याकडे दाढी करायला धीर लागतो. गाण्यात नुसत्या गिटारीचा तुकडा आला की त्याचा वस्तरा हवेत थांबतो.

"जरा दम धरा. सोलो चालू हाये."

अर्ध्या गालावर फेस घेऊन मी एकदा हा सोलो घड्याळ लावून ऐकला. दोन मिनिटं दहा सेकंद. फेस वाळला, गाल खाजायला लागला, मला ऑफिसला उशीर झाला. मी म्हणालो, "अरे, हात चालू ठेव ना."

"देवळात आरती चालू असल्यावर तुम्ही नारळ फोडता काय बे?" असं तो म्हणाला. मी त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे, पण सोलोच्या वेळी वय बघत नाही तो.

इंग्रजी त्याला येत नाही. गाणी सगळी पाठ. अर्थ विचारला की प्रत्येक गाण्याचा एकच सांगतो. "घर सोडून गेलेल्या पोराचं गाणं हाये हे." माझ्या मुलीने त्याला समजावलं की काका, हे गाणं मोटारीवर आहे. त्याने तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "मोटारीतच गेला ना मंग तो!"

चौघांतला एक वारला तेव्हा सलूनच्या शटरवर कागद लागला, 'घरातील व्यक्तीचे दुःखद निधन झाल्यामुळे दुकान बंद राहील.' गल्लीतले सात जण घरी भेटायला गेले. मीही गेलो. सुधाकर सतरंजीवर बसला होता.

"कोण गेलं रे?"

"गिटारवाला."

लोक चहा घेऊन उठले. या गोष्टीवर आम्ही वर्षभर हसलो.

ज्याच्यावर हसलो नाही ते असं. नऊ वर्षांपूर्वी त्याचे वडील वारले. दोघा भावांनी घाटावर मुंडण केलं. सुधाकरने कपाळावरची एक बट कापून दिली आणि बाजूला झाला. थोरला भाऊ सगळ्यांसमोर म्हणाला, "बापापेक्षा तुले ते फोटोतले गोरे मोठे झाले का बे?" तेव्हापासून भावांचं त्याच्याकडे येणं-जाणं बंद आहे. माझंही मत त्या दिवशी वाईट झालं आणि ते मी बदललं नाही. व्यापाऱ्याला आणण्यामागे, खरं लिहायचं तर, सुधाकरचा फायदा कमी आणि त्याची खोड मोडण्याची हौस जास्त होती.

म्हणून त्या रविवारी व्यापाऱ्याला जेवू घालून, बसमध्ये बसवून मी संतापात परत आलो. सलून बंद. दुपारचे तीन. कोणीतरी सांगितलं, कौसल्याकाकूंकडे असेल. कौसल्याकाकू म्हणजे प्रकाशची आई. काचबिंदूने त्यांचे डोळे जाऊन अकरा वर्षं झाली आणि नंतर हळूहळू आठवणही गेली. प्रकाश पैसे पाठवतो, एक बाई स्वयंपाक करून जाते.

दार उघडंच होतं. काकू पलंगावर बसल्या होत्या आणि सुधाकर खाली जमिनीवर, त्यांच्याकडे पाठ करून. त्यांनी त्याची वेणी सोडली होती आणि तेल लावून विंचरत होत्या.

"पक्या, किती वाढवले रे हे केस! लोक हसून राह्यले तुले."

"हसू दे माय."

"कापत काऊन नाहीस?"

"कापीन."

"कवा? मी मेल्यावर?"

"हाव. तवा."

काकू हसल्या आणि त्यांनी त्याच्या पाठीत एक गुद्दा घातला. सुधाकरने मला दारात पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मी चपला हातात घेऊन मागे फिरलो.

संध्याकाळी त्याने आपणहून सांगितलं. डोळे गेल्यापासून काकू हातांनी माणूस ओळखत. पोराचे केस लांब होते एवढंच त्यांच्याकडे उरलं होतं. पोराने ते कापले, हे त्या विसरल्या होत्या.

"सहा वर्षांमागं पक्या आला होता ना," सुधाकर वस्तरा पुसत म्हणाला. "तिनं त्याच्या टकलावरून हात फिरवला अन् विचारलं, तुम्ही कोण? तो दुसऱ्या दिवशीच हॉटेलात राह्याले गेला. मी कसा कापू, सांगा? बाप गेला तवाबी ती दर रविवारी वाट पाह्यत होती."

"भावांना सांगायचं होतंस."

"भावांनी गल्लीत सांगितलं असतं. गल्लीनं तिले."

त्या गल्लीत मीही आलोच.

वैशाखात काकू गेल्या. प्रकाशला सुट्टी मिळाली नाही. अग्नी सुधाकरने दिला. दहाव्या दिवशी खडकपूर्णेच्या काठी मुंडणाची वेळ आली तेव्हा गावातला दुसरा न्हावी हत्यारं घेऊन पुढे झाला. सुधाकर म्हणाला, "धंदेवाल्याचा हात नको. मोजणीवाले, तुम्ही या. सरळ रेषेत चालता तुम्ही."

मी आयुष्यात कोणाचे केस कापले नव्हते. आधी वेणी मुळाशी कापली. मग मशीन. अर्धं डोकं झाल्यावर माझा हात थांबला.

"थांबू नका," तो म्हणाला. "आज सोलो नाही."

दगडाला टेकवून ठेवलेल्या फोनवर कॅनडाहून प्रकाश बघत होता. तिकडे रात्र होती. तो म्हणाला, "सुध्या, फार केलंस रे. अजून वाजवतोस का आपलं ते गाणं?" सुधाकरने मांडीवर पडलेले केस झटकले. मग प्रकाश म्हणाला, "बरं, खर्चाचं सांग. किती पाठवू?"

"आवाज येऊन नाही राह्यला," सुधाकर म्हणाला आणि फोन पालथा घातला. आवाज मला स्वच्छ येत होता.

वेणी त्याने स्वतः पाण्यात सोडली. ती थोडा वेळ तरंगली, मग शेवाळाला अडकली. त्याने गुडघाभर पाण्यात जाऊन ती सोडवली आणि पुढे ढकलली. परत आल्यावर टकलावरून एकदा हात फिरवला, काकू विंचरायच्या तसा, कपाळाकडून मागे.

मग पिशवीतून पैसे काढून त्याने माझ्या हातावर ठेवले. मी नको म्हणालो.

"घ्या. मुंडणाचा रेट हाये. आईचं काम फुकटात करून घेत नाहीत."

दिले गेले साठ रुपये. देणारा सुधाकर, घेणारा मी.