नरसूतात्यांचा भूगोल

नरसूतात्या रिकाम्या जागेला वळसा घालून चालायचे. खोपटातून निघाले की थोडं सरळ यायचे, मग एकदम डावीकडं वळायचे आणि भरलेल्या बैलगाडीभोवती फिरावं तसा अर्धा फेरा घेऊन पुन्हा सरळ वाटेला लागायचे. पुढं गेले की मान खाली घालून वाकायचे. वर आभाळ, बाजूला माळ, मध्ये काही नाही. मग एक पाय उंच उचलून टाकायचे, जणू ओहोळ ओलांडतात. ओहोळही नाही.

माझं लग्न होऊन मी वाडीवर आले त्या दिवशी लॉरीनं आम्हाला खाली सडकेवर सोडलं. न्यायला तात्या आले होते. नव्या माणसाला वर आणायचं काम त्यांनी आपणहून घेतलं होतं, कुणी सांगितलं नव्हतं. पुढं तात्या, मागं मी डोक्यावर पत्र्याची पेटी घेऊन, आणि शेवटी आमचे मालक. तात्यांनी पाय उचलला, मीही लुगडं सावरून उचलला. ते वाकले, मी पेटीसकट वाकले. त्यांनी पाय उचलला, मीही लुगडं सावरून उचलला. मागं बघते तर मालक सरळ रेषेत चाललेले, तोंडावर उपरणं. भट्टीवरच्या बाया टोपल्या खाली ठेवून हसत होत्या.

मी माकणीची. चौथी शिकलेली. मला राग आला.

"तात्या, इथं काय हाय?"

"हत्तीधोंडा."

"मला दिसंना."

"नवीन हायस. दिसंल."

मालकांना विचारलं तर म्हणाले, "तात्या जरा तसेच आहेत." तसेच म्हणजे कसे, ते कुणालाच सांगता येत नव्हतं.

वाडीचं तरी काय धड होतं? तुळजापूर आणि नळदुर्ग यांच्या मधल्या डोंगरात ती बसलेली. शेत नाही, पाटील नाही, देवळाला कळस नाही. दोन चुनाभट्ट्या, एक दगडाची खाण आणि भोवती खोपटं. नाल्यातली चुनखडी वेचायची, कोळशाबरोबर थर लावून भट्टीत भाजायची, तिचा चुना करायचा. डोंगर फोडायचा, त्याची खडी करायची. चुना पुलांना, खडी सोलापूर-हैदराबाद सडकेला. ठेकेदार त्या जागेला 'कॅम्प' म्हणायचा, सरकारी माणसं 'खाण' म्हणायची, खालच्या गावातले 'भट्टी' म्हणायचे. माझे वडील पहिल्यांदा मला भेटायला निघाले, ते 'भट्टी कुठं, भट्टी कुठं' विचारत उमरग्याला एका वीटभट्टीवर पोचले. तिथल्या मालकानं त्यांना जेवायला घातलं, पण मुलगी काही सापडली नाही.

तात्या खाणीवर सुरुंग लावायचे. पहारीनं दगडाला भोक पाडायचं, त्यात दारू ठासायची, वात पेटवायची आणि "बार हाय! बाजूला व्हा!" म्हणून ओरडत पळायचं. पळताना मात्र ते सरळ पळायचे. वळसा फक्त चालताना.

नवा माणूस आला की त्याला खाटेवर बसवायचे आणि म्हणायचे, "आधी भूगोल, मग इतिहास." हे शब्द त्यांनी कुठून उचलले होते कोण जाणे, शाळेची पायरी चढलेले नव्हते. काठी उचलून आभाळात दाखवायचे. "ह्यो हत्तीधोंडा. त्याच्या म्होरं कडुनिंब. निंबाच्या मागं डोंगराचं नाक. नाकावरनं चढ, मंग उतार, मंग सडक." माणूस काठीच्या टोकाकडं बघायचा. तिथं घार असली तर असली.

मग इतिहास. निजामाच्या राज्यात कुणी अंमलदार घोड्यावरून चालला होता, त्याचा घोडा इथं बसला आणि उठेना, म्हणून त्यानं उतरून बघितलं तर दगड चांगला. म्हणून वाडी. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या माणसाला सांगताना त्या घोड्याचा उंट व्हायचा.

मी म्हणायचे, "तात्या, काल घोडा होता."

"त्यो दुसरा अंमलदार."

"मग पहिला कोण आला?"

"माकणीवाले, तू चौथी शिकलीस त्येच चुकलं."

राज्यं बदलली त्या काळात तर डोकं फिरायची वेळ आली. आधी हैदराबाद होतं. एके दिवशी हुसेन मुकादमांनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं, "आजपास्नं अपन मुंबईमें." बायांनी विचारलं, समुद्र किती लांब? मुकादमांनाही माहीत नव्हतं. काही वर्षांनी पुन्हा गोळा केलं. आता महाराष्ट्र. तात्या उठून उभे राहिले. "मुकादम, आमी हितनं हाललोच न्हाय, मंग ह्या राज्यातनं त्या राज्यात गेलो कसं?" मुकादम म्हणाले, "नरसू, तू बैठ." पण खरं सांगायचं तर त्या वाडीत हलत होता तो फक्त डोंगर. रोज लॉरीत बसून सडकेला जायचा.

पावसाळा संपला की बाहेरून नवे मजूर यायचे. एका वर्षी आलेल्या टोळीनं तात्यांना रोज त्या मोकळ्या जागेला वळसा घालताना बघितलं. त्यांना वाटलं, म्हातारा माणूस, जागा जाणतो, तिथं देवाचं काहीतरी ठाणं असणार. तेही वळसा घालू लागले. मग बायका हात जोडू लागल्या. एका सकाळी तिथं लिंबू, कुंकू आणि फोडलेला नारळ. तात्यांनी ते बघितलं आणि काठी आपटत ओरडले, "कुणी ठिवलं ह्ये? हितं देव न्हाय! हितं धोंडा हाय!"

त्या बायकांनी जागेकडं बघितलं, तात्यांकडं बघितलं आणि घाबरून दुसरा नारळ आणला.

खोबरं आम्ही खाल्लं. त्यात काही वाईट नव्हतं.

तात्यांची बायको अंबव्वा. तिला सगळे अव्वा म्हणायचे. मी यायच्या आधीच तिचे डोळे गेले होते. हौदात चुना विझवताना कढता चुना तोंडावर उडाला. ती खोपटाच्या दारात बसून असायची. माझं खोपट शेजारीच, म्हणून भाकरी, पाणी, वेणी-फणी माझ्याकडं आली. मला गोड बोलता येत नाही आणि तिला गोड बोललेलं आवडत नव्हतं, म्हणून जमलं.

अमावस्येला भट्टीला निवद दाखवायची वाडीची रीत होती. त्या दिवशी तेवढं तात्या अव्वाला बाहेर काढायचे. ती त्यांच्या खांद्यावर हात ठेवून चालायची. एकदा मी निवदाचं ताट घेऊन त्यांच्या मागं होते.

"अंबे, आता हत्तीधोंडा आला. वळ."

"हात लावू का वो?"

"नगं. मोहोळ बसलंय."

"मागल्या बारीला बी मोहोळच हुतं."

"दुसरं हाय. चल. आता निंब. वाक." अव्वा वाकली. "आता ओहोळ." अव्वानं पाय उचलला.

मी तशीच उभी राहिले. माझ्या डोक्यात तेव्हा कुठं उजेड पडला. संध्याकाळी मी तात्यांना खाणीच्या कडेला गाठलं आणि सरळ विचारलं, "त्या आंधळ्या बाईला का फसवता?"

तात्या तंबाखू मळू लागले. "तिचं डोळं गेलं तवा समदं हुतं," ते म्हणाले. "धोंडा हुता, निंब हुता, ओहोळ हुता, डोंगर हुता. त्या धोंड्याच्या सावलीत ती भाकरी खायची. मंग ठेकेदारानं धोंडा फोडाय सांगितला. बार म्याच भरला."

"मग सांगायचं ना."

"आज सांगतो, उद्या सांगतो म्हनलं. तवर निंब गेला. म्हनलं, दोन्ही संगट सांगतो. तवर डोंगर निघाला." तंबाखू तोंडात टाकून म्हणाले, "आता येवढं कसं सांगू?"

"आणि एकटे असता तेव्हा कशाला वळता?"

"रोज न्हाय चाललो तर इसरतो. एकदा निंब इसरलो. ती म्हनली, आज वाकाय न्हाय सांगितलं? म्हनलं, मागल्या बाजूनं आनलंय तुला." मग माझ्याकडं बोट केलं. "माकणीवाले, तुजं तोंड लई मोकळं हाय. ह्ये बोलायचं न्हाय."

मी नाही बोलणार म्हणाले. माणूस मूर्ख होता, पण वाईट नव्हता.

पुढं थंडीच्या दिवसांत मी अव्वाची वेणी घालत होते. भट्टीवरची पाळी सुटली, घंटा वाजली. अव्वा म्हणाली, "ह्या घंटेला पूर्वी माझ्या दारात सावली असायची. दिवस डोंगराआड जायचा. आता घंटा झाली तरी तोंडावर ऊन असतं."

हातातला पेड सुटला, तो मी पुन्हा घालायला घेतला.

"धोंडा गेला तवाच कळलं मला," ती म्हणाली. "बार झाला आन् हे घरी येऊन दोन दिस जेवले न्हाईत. निंबोळ्या पायाखाली याच्या बंद झाल्या. पलीकडचा वारा हिकडं याय लागला. आंधळी हाय म्या, बहिरी न्हाय."

"मग तात्यांना सांग की!"

"कशाला? बाकीच्यांचा डोंगर गेला. मला हे महिन्याच्या महिन्याला डोंगर दाखवून आनतात. खरं बोलले तर काय दाखवतील? लॉरी?" मग माझा हात धरून म्हणाली, "तू बी बोलू नगंस."

आता माझी पंचाईत बघा. त्यानं तिला सांगायचं नाही, तिनं त्याला सांगायचं नाही, आणि दोघांनी मला बजावलेलं. डोंगर आहे की नाही, कुणाजवळ आहे आणि कुणाजवळ नाही, हे ध्यानात ठेवून बोलायचं. घरात मालकांशी बोलतानासुद्धा मी अडखळू लागले. एकदा मीच भट्टीवर जाताना त्या जागेला वळसा घातला. बाया हसल्या. मी म्हणाले, हसा.

मग ठेकेदाराला कळलं की चांगला दगड आमच्या खोपटांखालीच आहे. हुकूम आला, सगळ्यांनी खाली सडकेला उठून जायचं. तिथं पत्रे मिळणार होते, पाणी जवळ, खडी फोडायचं यंत्रही तिथंच बसणार होतं. लोक खूश झाले. तात्या सोडून.

"म्या न्हाय हालनार."

मुकादम म्हणाले, "क्या हुआ रे? नीचे पानी हाय, सडक हाय."

"भूगोल बिघडंल."

लोक हसले. मी हसले नाही. घाव कुठं बसतोय ते मला दिसत होतं. वाडीच्या आत वळसा घालणं निराळं. पण सडकेला जायची जुनी वाट डोंगराच्या नाकावरून चढून उतरत होती. आता तिथं नाक नव्हतं. खोपटांपासून पार खालच्या उतारापर्यंत खाणीनं केलेला सपाट माळ. तात्यांच्या लेखी, बायकोला हाताशी धरून त्या माळावरून नेलं की चौथ्या पावलाला तिला कळणार, डोंगर गेला. आणि तो कुणी फोडला तेही.

सगळे उठले तरी तात्या खाटेवर बसून राहिले. मुकादमांनी दोनदा माणूस पाठवला. खोपटं उतरवली जात होती, धूळ उडत होती. मी अव्वाचं गाठोडं बांधत होते. शेवटी अव्वाच दारात आली आणि म्हणाली, "निघायचं न्हवं? नाकावरनं जायचंय. ऊन व्हायच्या आत चढलेलं बरं."

तात्यांनी तिच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. मी मडकी मोजत असल्यासारखं केलं.

ते उठले. तिचा हात खांद्यावर घेतला. धोंड्याला वळसा घातला. निंबाखाली वाकले. ओहोळ ओलांडला. मग सपाट माळ लागला. तात्या थांबले. त्यांच्या मानेला घाम आला होता. हळूच म्हणाले, "अंबे. आता चढ."

आणि अव्वा चढू लागली. देवाशपथ सांगते, त्या सपाट माळावर ती बाई पुढं झुकली, गुडघ्यावर एक हात टेकला आणि एकेक पाय उचलून चढू लागली. मध्ये थांबून दम खाल्ला. "जरा हळू चला वो," म्हणाली. तात्या हळू झाले. तेही झुकून चालू लागले. मागं आमचे मालक खाट डोक्यावर घेऊन, त्यांच्या मागं बाकीची वाडी, बोचकी, कोंबड्या, शेळ्या. कुणी पुढं जाईना. कुणी हसेना. त्या दिवशी त्यांना काय वाटलं ते मी विचारलं नाही.

"आता उतार," तात्या म्हणाले. अव्वानं पाय आखडून टाकायला सुरुवात केली.

अव्वाला ठाऊक आहे हे तात्यांना तेव्हा कळलं का? कळलं नाही असं कसं म्हणावं? आणि कळलं असेल तर पुढं मरेपर्यंत, त्या सडकेच्या कडेला पत्र्याखाली, दर अमावस्येला "अंबे, आता निंब" म्हणत ते तिला कुठून कुठं न्यायचे? मला तेव्हा उलगडा झाला नाही आणि आजही झालेला नाही.

सडकेवर पोचल्यावर मी अव्वाला दगडावर बसवलं आणि पाणी दिलं. ती पाणी प्याली, तिनं पदरानं तोंड पुसलं आणि पाय दाबत म्हणाली, "दमले बाई. लई चढ हाय तुमच्या डोंगराला."

"डोंगरच हाय त्यो," तात्या म्हणाले आणि पाठ फिरवून नाक शिंकरायला लागले.

मी मागं वळून त्या सपाट माळाकडं बघितलं. माझ्याही पोटऱ्या दुखत होत्या.