पानिपतची तिकोनी ब्लँकेटं

मराठी माणसानं पानिपतहून आलेला फोन जरा जपूनच उचलावा. सुधन्वानं तो गुरुग्रामच्या ऑफिसात चहा पिता पिता उचलला.

"सर, आपकी मशीन तिकोने कंबल काट रही है," कारखान्याचे मालक म्हणाले. "पाँच बजे ट्रक निकलेगा. तब तक ठीक नहीं हुई, तो वापस ले जाइए."

ब्लँकेट कुठे कापायचं हे मशीनला सांगणारा प्रोग्रॅम सहा वर्षांपूर्वी सुधन्वानंच लिहिला होता. काल कंपनीनं तो सुधारला आणि सुधारण्याच्या भरात जुना पुसून टाकला. जुन्यात नेमकं काय होतं, हे आता सुधन्वाला काही केल्या आठवेना.

"टेन्शन कशाला घेतोस यार?" त्याचा बॉस जयदीप म्हणाला. "आपलं पेटंट आहे ना. सगळी विद्या जगासमोर मांडावी लागते, तेव्हा कुठे पेटंट मिळतं. वाच आणि दुरुस्त कर. तुझं प्रमोशन यावरच आहे हां."

सुधन्वा वाचायला बसला. एकसष्ट पानं. चौथ्या पानावर ब्लँकेटला 'लवचीक आयताकृती वस्तू' म्हटलं होतं. नवव्या पानापासून आयतही गेला आणि नुसती 'वस्तू' उरली. संशोधक म्हणून वर त्याचंच नाव छापलेलं, त्यामुळे शिव्या तरी कुणाला घालणार?

तीन वाजता त्यानं हे पेटंट लिहिणाऱ्या वकीलबाईंना, क्षिप्रा मॅडमना, फोन लावला. "मॅडम, मी तुम्हाला अर्ध्या तासात समजावलं होतं. ते यात कुठंय?"

"आहे ना. बिल्कुल आहे. फक्त कुणाच्या सहज हाती लागू नये, अशा बेतानं लिहिलंय."

"माझ्याही लागत नाहीये हो."

"मग ड्राफ्टिंग चांगलंच झालंय."

सुधन्वानं कपाळाला हात लावला. शेवटी माफी मागायला म्हणून त्यानं कारखान्यात फोन केला. तो उचलला मशीन चालवणाऱ्या रामफलनं.

"सर, वो तो मेरी कॉपी में है. मशीन लगी थी, तब आपने समझाया था. मैंने लिख लिया."

वहीच्या पानाचा फोटो आला. बॉलपेननं लिहिलेली एकच ओळ होती: पहले किनारी ढूँढो, सीधी करो, फिर नापो, फिर काटो. सुधारलेल्या प्रोग्रॅममध्ये मोजणं आधी आलं होतं आणि सरळ करणं नंतर. वीस मिनिटांत ब्लँकेटं चौकोनी झाली. ट्रकही वेळेवर सुटला.

सुधन्वाच्या जिवात जीव आला. त्यानं तो फोटो जयदीपला दाखवला आणि रामफलचा कंपनीनं सत्कार करावा असंही सुचवलं. जयदीपनं फोटो क्षिप्रा मॅडमकडे पाठवला. दुसऱ्या मिनिटाला त्यांचा फोन आला.

"ती वही आधी ताब्यात घ्या," त्या म्हणाल्या. "ती कुणालाही कळेल."